सोळा किलो दगड ओढणारा डॉक्टर

टीबीचं निदान सांगताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायची सवय मला इतक्या वर्षांत झालेली नाही. दीड महिन्यापूर्वी ओपीडीत पंचविशीचा एक मुलगा आला होता. यंत्रमागावर कामाला. थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. औषध किती दिवस घ्यायचं, हे त्याने विचारलंच नाही. आता माझ्यात काय राहिलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. लग्न ठरलेलं. सोबत आलेली आई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकून उभी होती. सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्या तर हा आजार बरा होतो, हे आम्ही दिवसातून वीसदा सांगतो. समोरचा ते ऐकतो, पण त्याला ते पटत नाही. अशा वेळी मी एका माणसाची गोष्ट सांगतो. टीबीवर एकही औषध नव्हतं त्या काळात त्याला टीबी झाला. पुढे तो दोनदा अंटार्क्टिकाला गेला, दक्षिण ध्रुवावर पायी पोचला, आणि शेवटी वारला तो टीबीने नव्हे.

ओपीडीच्या रांगेत एवढंच सांगून होतं. उरलेली गोष्ट आज इथे सांगतो. परमुलुखात गेलेला डॉक्टर परत न येणं म्हणजे काय, हे डॉ. कोटणीसांच्या सोलापूरला समजावून सांगावं लागत नाही. कोटणीस चीनमध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. हा दुसरा डॉक्टर अंटार्क्टिकात एकोणचाळिसाव्या वर्षी गेला.

एडवर्ड एड्रियन विल्सन त्याचं नाव. जन्म २३ जुलै १८७२, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावी. वडील डॉक्टर, घरात दहा भावंडं. पाखरं बघणं, त्यांची चित्रं काढणं हा लहानपणापासूनचा नाद. चित्रकला तो कुठल्या शाळेत शिकला नाही. केंब्रिजला निसर्गविज्ञानात पहिल्या वर्गात पास झाला आणि १८९५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकायला लागला. राहायला मात्र बॅटर्सी या कामगारवस्तीत, तिथल्या गरीब पोरांसाठी चालवलेल्या एका केंद्रात. दिवसभर वॉर्ड, संध्याकाळी ही पोरं, रात्री अभ्यास, आणि खाण्यापिण्याची आबाळ. १८९८ मध्ये छातीचा टीबी निघाला.

टीबीचा जंतू तेव्हा माहीत झाला होता. रॉबर्ट कॉख यांनी तो १८८२ मध्येच दाखवला होता. पण जंतू दिसला म्हणून उपाय सापडतो असं नाही. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून पंचेचाळीस वर्षं होती. डॉक्टरांच्या हातात उपाय एकच: विश्रांती, चांगलं अन्न आणि थंड मोकळी हवा. विल्सनला नॉर्वेला आणि मग स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला पाठवलं. काही जण अशा विश्रांतीने बरे होत, बरेच जण होत नसत. विल्सन बरा झाला. त्या सक्तीच्या रिकामपणात त्याने चित्रकला पक्की केली. बर्फावर पडणारा उजेड दर तासाला कसा बदलतो, हे तो तिथे बसून टिपायला शिकला. १९०० मध्ये डॉक्टर झाला.

त्याच सुमारास कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांची ‘डिस्कव्हरी’ मोहीम अंटार्क्टिकाला निघण्याच्या तयारीत होती. त्यांना एक तरुण डॉक्टर हवा होता, जो प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकारही असेल. विल्सन मुलाखतीला गेला तेव्हा काखेत गळू होऊन हात झोळीत होता. वैद्यकीय तपासणीत त्याने टीबीचा इतिहास आपण होऊन सांगितला. छातीत जुन्या टीबीचा व्रण होता आणि मंडळाने त्याला अपात्र ठरवलं. स्कॉट यांनी तरीही, त्याच्याच जबाबदारीवर, त्याला घेतलं. आज मी त्या मंडळावर असतो तर काय शेरा मारला असता? बहुधा तोच. नियम वाचून शेरे मारताना आमच्याकडूनही असे किती विल्सन घरी पाठवले गेले असतील, हा विचार अधूनमधून त्रास देतो.

१६ जुलै १९०१ ला त्याने ओरियाना सूपर या मुलीशी लग्न केलं. तीन आठवड्यांनी जहाज निघालं. परत यायला तीन वर्षं लागली.

वाटेत, नोव्हेंबर १९०१ मध्ये, जहाज मॅक्वारी बेटावर थांबलं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, लाखो पेंग्विनांचं हे बेट. तिथे एका व्यापाऱ्याने मोठमोठे बॉयलर बसवले होते. त्यात पेंग्विन उकळून तेल काढलं जाई. तेलाला बाजार होता, पेंग्विन फुकट होते आणि उडून जाणारे नव्हते. धंद्याचं गणित सरळ होतं. विल्सनने ते बेट पाहिलं आणि ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. परत आल्यावर १९०५ मध्ये लंडनला पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे तो एम्परर पेंग्विनांवर बोलला आणि ही कत्तल थांबवा अशी मागणीही त्याने केली. इतरांनीही पुढे आवाज उठवला. १९२० च्या सुमारास तो परवाना कायमचा संपला. ते पाहायला विल्सन नव्हता. बेटावर आज पुन्हा पेंग्विनांची प्रचंड गर्दी आहे आणि ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते गंजलेले बॉयलर अजून तिथेच पडून आहेत.

त्या पहिल्या मोहिमेत डॉक्टर म्हणून विल्सनची गाठ पडली ती स्कर्व्हीशी. हिरड्या सुजणं, दात हलणं, पायावर काळेनिळे डाग, धाप. आज आपण म्हणतो, क जीवनसत्त्व कमी पडलं. लिंबू द्या, आवळा द्या, आठवडाभरात फरक दिसतो. पण क जीवनसत्त्व सापडलं १९२८ ते १९३२ च्या दरम्यान. विल्सनच्या वेळी मान्य समज असा होता की स्कर्व्ही हा डबाबंद मांस नासल्यामुळे होणारा विषबाधेचा प्रकार आहे. म्हणून रोज सकाळी डबे फोडून वास घेतला जाई, वास बरा असेल तर ते मांस जेवणात. समजूत चुकीची होती, पण ताजं सीलचं मांस खाल्लं की माणसं सुधारतात हे डोळ्यांना दिसत होतं. ताज्या मांसात, विशेषतः कमी शिजवलेल्या काळजात, थोडं क जीवनसत्त्व असतं. कारण कळलं नाही तरी उपाय हाती लागला. वैद्यकात असं बऱ्याचदा घडतं.

नोव्हेंबर १९०२ मध्ये स्कॉट, शॅकल्टन आणि विल्सन हे तिघं दक्षिणेकडे निघाले. ३० डिसेंबरला ८२ अंश १७ मिनिटांपर्यंत पोचले. तोपर्यंत इतकं दक्षिणेला कुणीच गेलं नव्हतं. ९३ दिवसांच्या त्या प्रवासात कुत्र्यांचं खाणं खराब झालं आणि एकेक कुत्रं मारून बाकीच्यांना घालावं लागलं. ते मारण्याचं काम विल्सनकडे आलं. पाखराच्या जिवासाठी तळमळणारा माणूस ते काम रोज करत होता, कारण कमीत कमी वेदना देऊन ते करायचं कसं हे तिघांत त्यालाच माहीत होतं. सतत चित्रं काढण्याच्या नादात त्याचे डोळे बर्फाच्या चकाकीने इतके भाजले की डोळ्यांत कोकेनचे थेंब घालून, पट्टी बांधून, तो आंधळ्यासारखा स्लेजची दोरी ओढत चालला. परतीच्या वाटेवर शॅकल्टनला रक्त पडायला लागलं. तिघांच्याही हिरड्या सुजलेल्या. टीबीचा पेशंट मात्र चालत होता.

इंग्लंडला परतल्यावर त्याने जे काम घेतलं त्याचं कुणी फारसं नाव काढत नाही, पण डॉक्टर म्हणून मला ते फार आवडतं. ग्राऊस हा स्कॉटलंडच्या माळरानावरचा, आपल्या तित्तिरासारखा पक्षी. हे पक्षी झुंडीने मरत होते. का, ते कळत नव्हतं. चौकशी समितीने विल्सनला नेमलं. पाच वर्षं तो माळरानं तुडवत, जवळपास दोन हजार पक्ष्यांची चिरफाड करत राहिला, आणि कारण सापडलं: आतड्यातला एक बारीक सुतासारखा जंत. मधल्या काळात, १९०७ मध्ये, शॅकल्टनने स्वतःच्या मोहिमेत येण्यासाठी त्याची फार मनधरणी केली. हातातलं काम अर्धवट टाकून येणार नाही, असं सांगून विल्सनने नकार दिला. अहवालाचे जाडजूड खंड १९११ मध्ये छापून आले तेव्हा तो पुन्हा अंटार्क्टिकात होता.

या दुसऱ्या मोहिमेशी आपल्याकडच्या माणसांचा आणि जनावरांचाही थोडा संबंध आहे. ‘टेरा नोव्हा’ जहाज १५ जून १९१० ला निघालं, विल्सन शास्त्रज्ञांचा प्रमुख म्हणून. त्यात हेन्री बॉवर्स हा बुटका, दणकट अधिकारी होता. तो रॉयल इंडियन मरीनचा, म्हणजे मुंबईच्या गोदीत मुख्य ठाणं असलेल्या सागरी दलाचा. लॉरेन्स ओट्स हा घोडदळाचा अधिकारी महूच्या छावणीतून आलेला. आणि नंतर, १९१२ च्या सुरुवातीला, भारतातून सात खेचरं तिकडे पोचली. हिमालयाच्या चढणीला सरावलेली, लष्कराने तयार केलेली. त्यांची नावंही इथलीच: गुलाब, राणी, बेगम, प्यारी, अब्दुल्ला, लाल खान आणि खान साहिब. त्यांच्याकडे नंतर येऊ.

एम्परर पेंग्विन भर हिवाळ्यात, चोवीस तासांच्या अंधारात अंडी घालतो, हे विल्सनने पहिल्या मोहिमेतच ताडलं होतं. त्या काळी एक मत असं होतं की प्राण्याचा गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्थांतून जातो. पेंग्विन हा पक्ष्यांतला अगदी जुना प्रकार समजला जाई. तेव्हा त्याच्या अंड्यातला गर्भ पाहिला तर पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कसे झाले ते कळेल, अशी आशा. त्यासाठी २७ जून १९११ ला विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड केप क्रोझियरकडे निघाले. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. सोलापूरहून पंढरपूर याहून जवळ आहे. लागले १९ दिवस. तापमान उणे ६० अंशांपर्यंत उतरलं. अंगाचा घाम आणि श्वासातली वाफ झोपायच्या पिशवीत गोठून तिचं वजन सुमारे दुप्पट झालं. थंडीने दात इतके कडकडले की चेरी-गॅरार्डचे दात तडकले. सीलच्या चरबीवर चालणाऱ्या चुलीतून उकळता थेंब उडून विल्सनच्या डोळ्यात गेला. मग वादळात तंबूच उडाला. तंबू नाही म्हणजे परत जाणं नाही. दोन दिवस ते उघड्यावर, बर्फाखाली पिशव्यांत पडून होते. वादळ थांबल्यावर अर्ध्या मैलाच्या आत तंबू सापडला. पाच अंडी घेतली होती, दोन फुटली, तीन आली.

त्या अंड्यांतून पुढे काही मोठं निघालं नाही. १९३४ मध्ये त्यांचा अहवाल आला तोपर्यंत ती मूळ कल्पनाच शास्त्राने सोडून दिली होती. पण याच प्रवासात विल्सनने आणखी एक प्रयोग केला होता, तो आहाराचा. तिघांनी तीन वेगळी प्रमाणं घेतली. बॉवर्सला पेमिकन, म्हणजे वाळवलेलं मांस आणि चरबी यांचा गोळा, जास्त. चेरी-गॅरार्डला बिस्किटं जास्त. विल्सनने स्वतःला लोणी जास्त. विल्सनला तेवढं लोणी संपेना, चेरीला स्निग्ध पदार्थांची वखवख सुटली. शेवटी मधलं प्रमाण ठरलं: रोज माणशी साधारण ४५० ग्रॅम बिस्किटं, ३४० ग्रॅम पेमिकन, ५५ ग्रॅमच्या वर लोणी, ८५ ग्रॅम साखर, शिवाय चहा-कोको. सुमारे ४५०० कॅलरी. ऐकायला प्रचंड वाटतं. शेतात राबणाऱ्या माणसालाही एवढं लागत नाही. पण उंच पठारावर, उणे तीसमध्ये, स्लेज स्वतः ओढणाऱ्या माणसाला ६००० हून जास्त कॅलरी लागतात, हे नंतरच्या मोजमापांत दिसलं. म्हणजे प्रत्येक जण रोज दीड हजार कॅलरींचा उपास करत होता, आणि जेवणात क जीवनसत्त्व शून्य. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन महिने पुरतो. ध्रुवाची फेरी होती पाच महिन्यांची. वाटेतून परत पाठवलेल्या लेफ्टनंट इव्हान्सला स्कर्व्हीने मरणाच्या दारात नेलं होतं.

ध्रुवाकडे गेलेले पाच जण म्हणजे स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स. १७ जानेवारी १९१२ ला पोचले तेव्हा आमुंडसेन १४ डिसेंबरलाच तिथे येऊन गेल्याचं दिसलं. परतीची कथा अनेकांनी अनेकदा सांगितली आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे, कारण आपल्या गावाला ती चटकन कळेल: पाण्याची. जगातलं सर्वाधिक गोडं पाणी जिथे गोठून पडलंय, तिथे ही माणसं तहानलेली होती. बर्फ वितळवल्याशिवाय घोटभर पाणी नाही, आणि वितळवायला रॉकेल लागतं. वाटेत ठेवलेल्या डब्यांच्या झाकणांची चामड्याची चकती थंडीत आकसली, रॉकेल उडून गेलं. डबे उघडावेत तर तेल कमी. तेल कमी म्हणजे पाणी कमी, गरम जेवण कमी, ओले मोजे वाळणं कमी. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या घरात बायका भांडं मोजून पाणी वापरतात, तसं ते रॉकेल मोजत होते. थेंबाथेंबाला काहीतरी जाळावं लागतं हा हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आपल्याकडे तो उजनीपासून घरापर्यंतच्या पंपांमध्ये दडलेला असतो, एवढाच फरक.

अशा अवस्थेत, ८ फेब्रुवारीला, बिअर्डमोर हिमनदीवरच्या एका डोंगराच्या कड्यापाशी त्यांनी मुक्काम केला. कड्यात कोळशाचे थर दिसत होते. विल्सन आणि बॉवर्स दगड फोडत बसले. विल्सनला कोळशाजवळच्या दगडात पानांचे ठसे मिळाले. सगळे मिळून सुमारे १६ किलो दगड त्यांनी स्लेजवर चढवले. दहा दिवसांच्या आत एडगर इव्हान्स गेला. मार्चच्या मध्यावर ओट्स बर्फात चालत निघून गेला, आपल्यामुळे बाकीच्यांना उशीर होऊ नये म्हणून. ओझं कमी करण्यासाठी बाकी सामान टाकलं, दगड टाकले नाहीत. विल्सनच्या इच्छेवरून ते ठेवले होते.

त्याआधी, ११ मार्चच्या सुमाराला, स्कॉट यांनी विल्सनकडे औषधांची पेटी मागितली. मागितली म्हणणं सौम्य झालं, हुकूमच केला. विल्सनने प्रत्येकाला अफूच्या तीस-तीस गोळ्या दिल्या आणि स्वतःजवळ मॉर्फिनची नळी ठेवली. तो देवभिरू होता, आणि डॉक्टर होता. त्या रात्री त्याच्या मनात काय झालं असेल याचा विचार मी पुष्कळदा केलाय. शेवटच्या अवस्थेतले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक आम्हालाही कधी शब्दांनी, कधी नजरेने हेच मागतात. त्याने गोळ्या दिल्या, पण घ्या म्हणाला नाही. कुणीही त्या घेतल्या नाहीत. मार्चच्या अखेरीस, अन्नसाठ्यापासून अवघ्या १८ किलोमीटरवर, तंबूत अडकून स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स गेले.

शोधपथक पोचलं १२ नोव्हेंबर १९१२ ला. म्होरक्या अ‍ॅटकिन्सन हाही डॉक्टरच. आणि तंबूपर्यंत सामान वाहून नेणारी जनावरं होती ती आपली भारतीय खेचरं. पथकाने डायऱ्या, पत्रं, चित्रांच्या वह्या घेतल्या, तंबू तिघांवर तसाच उतरवला, वर बर्फाची रास रचली. स्लेजवर दगड होते. ओरियाना नवऱ्याला घ्यायला न्यूझीलंडला आली होती. तिला १९१३ च्या फेब्रुवारीत तिथेच कळलं.

दगड केंब्रिजच्या सीवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेले. १९१४ मध्ये त्याने निष्कर्ष छापला: पानांचे ठसे ग्लॉसोप्टेरिस इंडिकाचे आहेत. ग्लॉसोप्टेरिस म्हणजे जिभेच्या आकाराच्या पानांचं, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचं झाड. इंडिका म्हणजे भारतातलं. हीच पानं नागपूरच्या आसपासच्या खडकांत एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केली होती. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. आपल्या गोंडांच्या मुलखावरून या खडकांना गोंडवाना नाव पडलं, आणि एकेकाळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका एकत्र होते त्या प्राचीन भूखंडालाही तेच नाव मिळालं. मरणाच्या दारातून विल्सनने ओढून आणलेला दगड हा त्या एकत्रपणाचा पक्का पुरावा ठरला. आज गोठलेलं ते खंड एकदा हिरवं होतं, आणि चंद्रपूरच्या रानाचं सख्खं भावंड होतं.

ती झाडं गाडली जाऊन दगडी कोळसा झाली. वणी, बल्लारपूर, चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा तोच, आणि भारतात निघणारा बहुतेक सगळा कोळसा याच गोंडवाना थरांतला. चंद्रपूरला प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या वर्गमित्राच्या दिवाणखान्यात जिभेसारख्या पानाचा ठसा असलेला एक दगड आहे, खाणीत काम करणाऱ्या एका पेशंटने दिलेला. मी तो हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

अंटार्क्टिकातला कोळसा मात्र कुणी काढू शकत नाही. १९९१ च्या माद्रिद कराराने तिथे खाणकामावर बंदी आहे. मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं तिथे आहेत, त्यांचं काम गोव्यातल्या वास्कोच्या संस्थेतून चालतं. तिथल्या कचऱ्यापैकी बराचसा जहाजाने परत आणावा लागतो. तिकडची शिस्त अशी. पण बर्फाला धोका तिकडून कमी आणि इकडून जास्त आहे. एम्परर पेंग्विनाची पिल्लं गोठलेल्या समुद्रावर वाढतात. डिसेंबरपर्यंत त्यांच्या अंगावर पाण्यात टिकणारी पिसं येत नाहीत. त्याआधी पायाखालचा बर्फ फुटला तर ती बुडतात किंवा गारठून मरतात. २०१६ मध्ये हॅली बे या मोठ्या वसाहतीत हे झालं. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्राच्या एका भागात पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचलं नसावं, असं उपग्रहाच्या चित्रांत दिसलं. मॅक्वारीचे बॉयलर बंद करता आले, कारण ते एका जागी होते आणि त्यांचा एक मालक होता.

आता माझा हिशेब सांगतो. आपल्या फताटेवाडीचं वीज केंद्र १३२० मेगावॅटचं. कोळशाच्या एका युनिट विजेला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. माझ्या झोपायच्या खोलीतला एसी रात्रभरात आठ-दहा युनिट घेतो. म्हणजे विल्सनने मरेपर्यंत ओढले तेवढ्या वजनाचा कोळसा मी दोन-तीन रात्रींत संपवतो. हे गणित मी मे महिन्यात मांडलं, बाहेर चव्वेचाळीस अंश असताना, आणि त्याच दुपारी आमच्या वॉर्डात उष्माघाताच्या म्हाताऱ्या पेशंटच्या काखेत, मानेवर बर्फाच्या पिशव्या ठेवून, पंखे लावून आम्ही ताप उतरवत होतो. त्यांना मी गारवा कमी करा असं सांगू शकत नाही. वय झालेल्याला, हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला, तान्ह्या बाळाला सोलापूरच्या उन्हाळ्यात गारवा हे औषध आहे. पण माझ्यासारख्या धडधाकट माणसाला एसी अठरावर लावून पांघरूण घ्यायची गरज नाही. घरात आता तो सव्वीसवर असतो आणि सोबत पंखा. जुने पंखे ७५ वॅटचे होते, ते काढून ३० वॅटच्या आतले बसवले. गच्चीला चुना मारला. आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं, जाड मातीचं छप्पर. भर वैशाखात दुपारी तिथे जेवून झोप लागायची. ते पाडून स्लॅब टाकला तेव्हा गावात आमची शान वाढली होती.

विल्सनबद्दल एक गोष्ट राहिली. केप अडेअर इथे अंटार्क्टिकातली सर्वांत जुनी लाकडी झोपडी आहे. २०१६ मध्ये तिथल्या जुन्या कागदांच्या ढिगात, धूळ आणि पेंग्विनांच्या विष्ठेत, जलरंगातलं एक चित्र सापडलं. झाडाच्या खोडावर चढणारा चिमुकला पक्षी. चित्रावर साल १८९९. कुणाचं ते तज्ज्ञांनी ओळखलं. विल्सनने ते युरोपात, टीबीतून बरा होत असताना काढलं होतं. ते त्या झोपडीत कसं गेलं हे नक्की कळलेलं नाही. अंधार आणि थंडी यांमुळे रंग अगदी ताजे राहिले होते.

यंत्रमागावरचा तो मुलगा परवा दुसऱ्यांदा आला. खोकला कमी, वजन दोन किलो वाढलेलं. मी त्याला मोबाइलवर ते चित्र दाखवलं. कोणता पक्षी आहे म्हणून विचारत होता. मला मराठी नाव आलं नाही. आपल्या सुताराचा लहान भाऊ दिसतोय, असं म्हणत त्याने फोन परत दिला आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला खिडकीकडे गेला.